‘कितेंय कर, शेवट एकूच’ म्हणणाऱ्या भाच्यास

परवा गोव्यातल्या म्हार्दोळहून ताईच्या मुलाचा चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज आला. नाइट शिफ्ट संपवून मी इथे इंग्लंडात, स्विंडनच्या मॅजिक राउंडअबाउट नावाच्या चौकाच्या कडेने घरी चाललो होतो, पाऊस पडत होता, आणि हा पोरगा कानात सांगतोय की स्टोरीवाल्या गेम्समधल्या चॉइस म्हणजे शुद्ध फसवणूक, आपण काहीही निवडलं तरी कंपनीने ठरवलेलंच होतं, म्हणून त्याने आणि त्याच्या फोंड्याच्या दोस्तांनी ठरवलंय की असल्या गेमवर चार हजार रुपये घालवायचे नाहीत, यूट्यूबवर सगळे एंडिंग फुकट बघता येतात. आणि शेवटी, ‘कितेंय कर रे मामा, शेवट एकूच.’ काहीही कर, शेवट एकच.

मी काही उत्तर पाठवलं नाही. पण ते वाक्य चार दिवस डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितोय.

आधी त्याचं जे बरोबर आहे ते देऊन टाकतो. त्याने उदाहरण दिलं टेलटेल कंपनीच्या द वॉकिंग डेडचं, २०१२ चा गेम. पहिल्या एपिसोडच्या शेवटी चालते मुडदे औषधाच्या दुकानात घुसतात आणि डग किंवा कार्ली, दोघांपैकी एकालाच वाचवता येतं. घाम फुटतो. आणि ज्याला कोणाला तुम्ही वाचवता तो तिसऱ्या एपिसोडमध्ये त्यांच्याच गटातल्या लिलीच्या गोळीने मरतो. डग असो नायतर कार्ली. चौथ्याच्या शेवटी ली ला, म्हणजे आपण जो होऊन खेळतो त्याला, मुडद्याचा चावा बसतो, तो तुम्ही काहीही करून चुकवू शकत नाही. पाचव्यात हात कापा नायतर ठेवा, ली जातोच. हे सगळं खरं आहे. मास इफेक्ट ३ च्या शेवटावरून तर त्याच वर्षी एवढा गदारोळ झाला, तीन गेम खेळून शेवटी फरक काय तर उजेडाचा रंग, लाल, निळा नायतर हिरवा, की कंपनीला नंतर वाढवलेला शेवट फुकट द्यावा लागला.

आणि असं का होतं तेही साधं आहे. दर वेळी दोन वाटा, अशा फक्त दहा चॉइस धरल्या आणि प्रत्येक वाट वेगळी ठेवली तर १,०२४ गोष्टी होतात, त्या सगळ्यांचे संवाद लिहायचे, आवाज द्यायचे, अ‍ॅनिमेशन करायचं, आणि खेळणारा त्यातली एकच बघणार. कोण करेल? म्हणून वाटा फुटतात आणि पुढे परत एकत्र येतात. पणजीला कुठूनही जा, शेवटी मांडवीच्या काठावरच पोचता.

पण माझं म्हणणं असं आहे की बाबा रे, तू खेळलायस कुठे? तू बघितलंस. डगला वाचवलेलं बघितलं, मग कार्लीला वाचवलेलं बघितलं, दोन्ही टॅब शेजारी शेजारी उघडून, आणि म्हणालास की सारखंच आहे. सारखंच दिसणार, तुझ्या हातून कोणी मेलंच नाही ना! मी हा गेम खेळलो ते इथे नवीन आलो तेव्हा, सहा जणांच्या घरात, रात्री दोन वाजता, हेडफोन लावून, आणि मी कार्लीला वाचवलं आणि डगला सोडलं. पुढचे दोन एपिसोड मी कार्लीशी बोलताना प्रत्येक वेळी मनात हिशोब करत होतो की हिच्यासाठी तो गेला. तिसऱ्यात ती गेली तेव्हा मी कंट्रोलर खाली ठेवला. यूट्यूबवर हे कसं दिसणार?

इथे माझ्याबरोबर एक जण काम करतो, फोर्कलिफ्ट चालवतो, पन्नाशी ओलांडलेला अस्सल स्विंडनचा माणूस. त्याने रेड डेड रिडेम्प्शन २ एकदाच खेळला. त्यातला आर्थर मॉर्गन उधारी वसूल करायला एका खोकणाऱ्या शेतकऱ्याला मारतो, तिथे त्याला क्षय लागतो आणि त्यानेच तो संपत जातो, तुम्ही साधू व्हा नायतर दरोडेखोर. फक्त कसा मरतो ते तुम्ही कसे वागलात त्यावर ठरतं, चांगलं वागलात तर सूर्योदयाकडे बघत शांतपणे. ह्या माणसाचा आर्थर वाईट मरण मेला. मी त्याला म्हटलं की जुना सेव्ह लोड कर, परत खेळ. तो म्हणाला, नाही, माझा आर्थर तसाच होता. आणि चहा संपवून कामाला गेला. मला वाटतं इथल्या साध्या माणसाला जे कळतं ते आमच्याकडच्या हुशार पोरांना कळत नाही, कारण आपल्याला लहानपणापासून गाइडमधलं उत्तर आधी बघायची सवय. शेवट काय ते सांग, बाकीचं सोड. गेम करणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे. अंडरटेल नावाच्या गेममध्ये टोरिएल नावाची आईसारखी सांभाळणारी बाई आहे, तिला मारून वाईट वाटलं म्हणून जुना सेव्ह लोड केला आणि ह्या वेळी जिवंत सोडली, तर पुढे गेममधलं एक बोलणारं फूल तोंडावर सांगतं की तू आधी काय केलंस ते मला माहीत आहे. अंगावर काटा आला होता. आणि विचर ३ मध्ये नायकाला मुलीसारखी असलेल्या सिरीचं शेवटी काय होणार ते ज्या चार-पाच गोष्टींवर ठरतं त्यातली एक म्हणजे तिच्याबरोबर बर्फाचे गोळे फेकून खेळलात की नाही. त्या वेळी कोणाला कळतंय की ही चॉइस आहे? मग भाच्या, शेवट एकूच कसा?

खरं म्हणजे मला लागलं ते गेमबद्दलचं नाही. मेसेजच्या तिसऱ्या मिनिटाला तो म्हणतो की मामा, हे आपल्या इलेक्शनसारखंच, कोणालाही मत द्या, आमदार शेवटी तिकडेच जातो. २०१९ च्या जुलैत काँग्रेसच्या १५ पैकी १० भाजपमध्ये गेले, २०२२ च्या सप्टेंबरात ११ पैकी ८. डग नायतर कार्ली. एकवीस वर्षांच्या पोराच्या तोंडून हे ऐकून मला राग आला, आणि राग कोणावर तेही कळेना.

कारण त्याच घरात एक मत असं पडलंय की ज्याची आठवण अजून निघते. १६ जानेवारी १९६७, ओपिनियन पोल, म्हणजे गोव्याचा जनमत कौल. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, गोवा वेगळा ठेवायचा तर दोन पानं. दोनच बटणं म्हण ना, तिसरी चॉइस नाही. आमच्या आजोबांनी फुलावर शिक्का मारला. फुलाला १,३८,१७० मतं, पानांना १,७२,१९१. चौतीस हजारांचा फरक. तिथे शेवट एकूच नव्हता, उलटं झालं असतं तर आज फोंडा महाराष्ट्रातला एक तालुका असता. आजोबा हरले. पण हरल्यावर म्हणाले नाहीत की मत वाया गेलं. मरेपर्यंत मराठी पेपर घेतला, नातवंडांना मराठी शाळेत घातलं, चवथीला माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या मांडवीखाली बसून आरत्या त्यांनीच पाठ करून घेतल्या. मी हे मराठीत लिहितोय आणि तू ते वाचणार आहेस, ते कशामुळे?

आणि मत नसणं काय असतं ते मला विचार. २०१६ च्या जूनमध्ये इथे ब्रेक्झिटचं मतदान झालं. माझ्यासारखे गोव्याचे कितीतरी लोक पोर्तुगीज पासपोर्टवर इथे, निकाल आमच्याबद्दलचा, आणि आम्हालाच मत नाही. मी त्या रात्री ड्यूटीवर होतो, ब्रेकमध्ये मोबाइलवर आकडे बघत होतो, स्विंडनने लीव्ह, म्हणजे युरोपियन युनियनमधून बाहेर पडा, म्हटलं. तिकडे भारताचं नागरिकत्व सोडलेलं, म्हणजे गोव्यातही मत नाही. तू ज्या मताला काही अर्थ नाही म्हणतोस ते माझ्याकडे नाहीये रे.

लोड करून परत खेळता येत नाही अशी एक चॉइस मी केली, आणि ती मी एवढ्या वर्षांत घरात कोणाशी बोललो नाही. १९ डिसेंबर १९६१ च्या, म्हणजे गोवा पोर्तुगीजांकडून सुटला त्या दिवसाच्या आधी गोव्यात जन्मलेल्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज होता येतं, तसं बाबांच्या जन्माची नोंद लिस्बनला करायची, मग त्यांच्यावरून माझी. हे अशा घरात, जिथे पोर्तुगीज गेले त्या दिवशी गूळ वाटला होता. बाबा तेव्हा सहा वर्षांचे, त्यांना तो गूळ आठवायचा. पुढे निळ्या पासपोर्टवर शिक्का मारून तो रद्द करून मला परत दिला, तो मी अजून ठेवलाय. विमानतळावर उतरलो की ओसीआय, म्हणजे परदेशी झालेल्या भारतीयांचं कार्ड, काढून वेगळ्या लायनीत उभा राहतो, आणि ताई बाहेर वाट बघत असते, आणि चवथीचे पाच दिवस तुम्ही सगळे म्हणता की अरे तू तर इथलाच, काय फरक पडला? प्रेमाने म्हणता, मला माहीत आहे. पण तुम्ही असं म्हणालात की मला वाटतं की मी जे सोडलं त्याची नोंदच कुठे झाली नाही. फरक पडला. पडायलाच पाहिजे, मी बारा वर्षं दिलीत. मी तिथे राहिलो असतो तर कदाचित घर तेच बांधलं असतं, लग्न त्याच सुमाराला झालं असतं, आणि तरीही मी हा माणूस नसतो.

वॉकिंग डेडमध्ये एक गोष्ट आहे जी बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही. उत्तर द्यायला खाली वेळेची पट्टी असते, ती सरकत सरकत संपते, आणि तोपर्यंत काहीच दाबलं नाही तर गप्प बसणं हेच तुमचं उत्तर धरलं जातं. समोरचा त्यावर बोलतो, ते लक्षात ठेवतो. ज्या दिवशी बाबांच्या सहीसाठी कागद घेऊन मी ओसरीवर गेलो, मी विचारलं, ‘बाबा, करू काय?’ ते पेपर वाचत होते. पेपर खाली ठेवला, चष्मा पुसला, रस्त्यावरून कदंबची बस गेली, ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. मग पेन घेतलं आणि सही केली. बोलले काहीच नाहीत. मी त्याचा अर्थ हो असा घेतला.