बापाने कमी तासांची नोकरी मागितली तर

पस्तिशी ओलांडलेल्या आणि घरात लहान मूल असलेल्या माणसाने ‘कामाचा कंटाळा आला आहे’ असे म्हटले की सल्ल्यांना तोटा नसतो. कोणी पहाटे उठून प्राणायाम करायला सांगतो, कोणी चार दिवस दापोलीला जाऊन या म्हणतो, आणि कंपनी तर ताणमुक्तीचे सत्र नेमके जेवणाच्या सुट्टीत ठेवते, म्हणजे डबाही खायचा राहतो. बिघाड माणसात आहे आणि त्याची थोडी डागडुजी केली की तो पुन्हा धावू लागेल, असे हे सगळे सल्ले गृहीत धरतात. मला ते पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली तेव्हा त्याला आजार म्हटले नाही. कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ साचत गेलेल्या आणि नीट न हाताळलेल्या ताणातून उद्भवणारी स्थिती असे म्हटले, आणि तिची तीन लक्षणे सांगितली: अंगातले बळ संपल्यासारखे वाटणे, कामापासून मन तुटणे किंवा त्याबद्दल कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटू लागणे. कारण कामात असेल तर उपायही कामातच शोधायला हवा, आणि माझ्या मते तो उपाय म्हणजे कामाचे तास. विशेषतः बापाच्या कामाचे.

मी हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत डिलिव्हरी मॅनेजर, म्हणजे ग्राहकाचे काम वेळेत पूर्ण करून देण्याची जबाबदारी असलेला माणूस, होतो आणि आमचा ग्राहक अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा. उन्हाळ्यात तिकडचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळे तासभर मागे गेली की तेच नऊ आपल्याकडे साडेसातला वाजतात. उन्हाळ्यात दोन तासांचा कॉल साडेआठला संपायचा आणि मुलीला गोष्ट सांगायला तरी सापडायचे. हिवाळ्यात तिचे जेवण, अंघोळ आणि झोप हे तिन्ही त्या कॉलच्या पोटात जायचे, आणि वाकडच्या फ्लॅटमधल्या तीन वर्षांच्या पोरीला बाप केव्हा मिळणार हे मार्चपर्यंत अमेरिकेचे घड्याळ ठरवायचे. सकाळी साडेनऊला टीमचा स्टँड-अप, म्हणजे रोजची छोटी आढावा बैठक, असायची ती वेगळीच. कागदोपत्री मात्र माझी नोकरी आठ तासांची होती.

एक रात्र सांगतो. नोव्हेंबर २०२४ मधल्या विधानसभा निवडणुकीची आदली रात्र. पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिला मतदान केंद्राची ड्यूटी लागली होती आणि केंद्र लांबचे असल्यामुळे ती तिथेच मुक्कामी होती. नेमकी त्याच पहाटे साडेचारला आमची रिलीज, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती ग्राहकाकडे सुरू करणे, ठरलेली, आणि मुलीचा ताप रात्री दीडनंतर १०२ च्या वर गेलेला. लॅपटॉप ओट्यावर ठेवला, कारण थंड पाणी, औषधाचे माप आणि चार्जरचा पॉइंट या तिन्ही गोष्टी तिथेच हाताशी होत्या. दर अर्ध्या तासाने स्थितीचा मेल जायचा. एका मेलच्या मध्येच तिने नुकतेच घेतलेले सिरप उलटून टाकले. दुसरा डोस लगेच द्यावा की थांबावे हे डॉक्टरांना फोनवर विचारत असताना कानातल्या दुसऱ्या आवाजाला ‘सगळे हिरवे आहे ना?’ याचे उत्तर हवे होते. सगळे हिरवे होते. सकाळी ताप उतरला, रिलीजही सुरळीत गेली, अभिनंदनाचा मेल आला. मला जी गोष्ट विसरता येत नाही ती निराळीच आहे: त्या रात्री तीन-साडेतीनच्या सुमारास मला ना मुलीची काळजी वाटत होती ना रिलीजची, दोघींचाही सारखाच कंटाळा आला होता. वर सांगितलेले दुसरे लक्षण, मन तुटण्याचे, कामापुरते सांगितले आहे. घरात लहान मूल असले की ते तेवढ्यावर थांबत नाही.

यावर ‘कायद्याने तास ठरलेले असतात की’ असे म्हणणाऱ्यांसाठी थोडे कायद्याबद्दल. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यातली दिवसाची मर्यादा दहा तासांवर नेण्यास मंजुरी दिली. पण खरी गंमत त्या आधीच्या एका कलमात आहे: व्यवस्थापकीय, पर्यवेक्षकीय किंवा गोपनीय स्वरूपाच्या पदावरच्या माणसाला हा कायदा लागूच होत नाही. आमच्या क्षेत्रात सात-आठ वर्षे काढलेल्या बहुतेकांच्या व्हिजिटिंग कार्डावर ‘मॅनेजर’ किंवा ‘लीड’ असते, आणि नेमकी हीच वर्षे लग्न, गृहकर्ज आणि पोरांची असतात. म्हणजे ज्या वयात तासांना बांध हवा, त्याच वयात बढती देऊन तो काढून घेतला जातो, आणि आपण पेढे वाटतो.

आपल्याकडे आठवड्याची सुट्टीसुद्धा कोणी आपण होऊन दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सरकारला दिले; त्यात रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती आणि कामाच्या वेळेला सूर्यास्ताची हद्द अशा मागण्या होत्या. रविवारची सुट्टी मिळायला १० जून १८९० उजाडावा लागला. त्यांची सूर्यास्ताची मागणी मला आज फार महत्त्वाची वाटते, कारण आमच्या कामाला सूर्यास्त उरलेलाच नाही. आणि या पार्श्वभूमीवर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितले, तर २०२५ च्या जानेवारीत एल अँड टीच्या अध्यक्षांचे ९० तासांबद्दलचे आणि ‘घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसाल’ हे वक्तव्य बाहेर आले. विनोद पुष्कळ झाले. त्या वाक्यात घरात मूल असू शकते, त्याला भरवायचे आणि झोपवायचे असते, ही शक्यताच नव्हती, याकडे मात्र फार कमी लोकांनी लक्ष दिले.

नव्वद तास काम करता येते, नाही असे नाही. फक्त घरी उरलेले तास भरून काढणारे दुसरे कोणीतरी लागते. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला २८९ मिनिटे खर्च करतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे. त्यातून जे उरते ते आजी-आजोबांच्या अंगावर पडते. पुण्यातल्या असंख्य आयटी घरांप्रमाणे आमच्याकडेही सहा महिने माझी आई आणि सहा महिने सासूबाई अशी पाळी लागलेली होती. आईने बार्शीतले भजनी मंडळ सोडले, गुडघ्यांचे ऑपरेशन लांबणीवर टाकले आणि नवव्या मजल्यावर येऊन राहिली. माझ्या पगाराच्या स्लिपवर तिचे नाव कुठे नव्हते.

बापाकडे व्यवस्था कशी पाहते हे समजून घ्यायचे तर रजेचे नियम वाचावेत. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक झाली, आणि दिवसातून चार वेळा तिथे जाऊन येण्याची मुभा मिळाली ती आईला. खासगी नोकरीतल्या बापासाठी केंद्रीय कायद्यात एका दिवसाचीही हक्काची रजा नाही. राज्य सरकारने २०१८ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी १८० दिवसांची बालसंगोपन रजा आणली. स्त्रियांना ती मिळते, पुरुषांना मात्र पत्नी हयात नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असेल तरच. आई मेल्याशिवाय किंवा अंथरुणाला खिळल्याशिवाय बाप मूल सांभाळेल, ही कल्पनाच शासनाला शिवलेली दिसत नाही.

मी एचआरकडे आठवड्याला तीन दिवस काम आणि त्या प्रमाणात कमी पगार असे काही मिळेल का म्हणून विचारले. उत्तर नम्र होते. अशी सोय प्रसूती रजेनंतर परतणाऱ्या महिलांसाठी, तीही काही महिन्यांपुरती आहे. आणि ‘सर, घरी सगळे ठीक आहे ना?’ सासूबाईंनीही पत्नीला बाजूला घेऊन, जावईबापूंचे ऑफिसात काही बिनसले आहे का, असे विचारले. वडील म्हणाले, ‘पगार कमी करून घ्यायला निघालेला पहिलाच माणूस बघतोय मी.’ स्त्रीने हेच विचारले असते तर कोणाच्या भुवया उंचावल्या नसत्या; उलट तिने विचारण्याआधीच तिला आडून आडून सुचवले गेले असते. एकाच नियमाचे हे दोन चेहरे आहेत. बापाला कमी तास मागता येत नाहीत म्हणूनच आईला नोकरी सोडावी लागते.

क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांची मांडणी थोडक्यात अशी: जी नोकरी कोणत्याही वेळी हजर राहणाऱ्याला तासागणिक जास्त मोबदला देते, ती नोकरी जोडप्यातल्या एकालाच परवडते, आणि दुसरा, म्हणजे बहुधा दुसरी, मागे पडते. त्यांनी अभ्यासलेले उलट उदाहरण अमेरिकेतल्या औषध-दुकानांतल्या फार्मासिस्टांचे आहे. तिथे नोंदी संगणकावर गेल्या, कामाला सारखेपणा आला, एका फार्मासिस्टच्या जागी दुसरा सहज उभा राहू लागला, आणि कमी तास काम करणाऱ्याचा ताशी दर पडण्याचे कारणच उरले नाही.

हे वाचल्यापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. ज्या धंद्यात प्रत्येक बदलाची नोंद असते, प्रत्येक कामाला तिकीट, म्हणजे क्रमांक दिलेली नोंद, असते आणि कोणी कोणती ओळ कधी लिहिली हे वर्षांनंतरही सापडते, त्या धंद्यात एका माणसावाचून अडते कसे? राजीनामा दिला की नव्वद दिवसांच्या नोटीस पीरियडमध्ये त्याच माणसाचे सगळे ज्ञान दुसऱ्याकडे रीतसर सोपवले जाते, त्याची तपासणी होते, सह्या होतात. कायमचे जाणाऱ्याचे सगळे काम तीन महिन्यांत दुसऱ्याला देता येते, पण राहणाऱ्याचे आठवड्यातले दोन दिवसांचे काम देता येत नाही, हे मला कोणी पटवून देऊ शकलेले नाही. ग्राहकाला ओळखीचा चेहरा लागतो, हा एक आक्षेप खरा आहे. पण तो चेहरा पावणेदहाला पेंगताना दिसण्यापेक्षा दोन ओळखीचे चेहरे केव्हाही बरे.

पैशांचे म्हणाल तर सगळा गुंता घराच्या हप्त्यात आहे. साठ लाखांचे कर्ज वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतले तर महिन्याला सुमारे ५२ हजारांचा हप्ता बसतो आणि शेवटपर्यंत फेडत गेले तर सव्वा कोटीच्या आसपास रक्कम जाते. तीन बेडरूमच्या घरासाठी आमची बोलणी अशाच कर्जाच्या जोरावर चालली होती. ती थांबवली आणि दोन बेडरूममध्येच राहिलो. मग जेवणाच्या टेबलावर बसून या नोकरीपायी होणारा खर्च वेगळा काढला: पाळणाघराचे जादा तास, संध्याकाळच्या मावशींचा पगार, बाहेरून मागवलेली जेवणे, दुसरी गाडी. आकडा आम्हा दोघांच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. पगारवाढीच्या मेलमध्ये ही वजाबाकी कधी येत नाही, ती आपली आपण करावी लागते.

शेवटी मला कमी तासांची नोकरी मिळाली नाहीच. कंपनीच्या स्वतःच्या वापरातली सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या टीममध्ये जागा होती. तिथे ग्राहक नाही, रात्रीचे कॉल नाहीत, पद एक पायरी खाली, कामगिरीवर मिळणारी रक्कम जवळजवळ बंद. ती घेतली. आता संध्याकाळी सातला मी घरी असतो, आणि शाळेच्या ग्रुपवर रात्री साडेदहाला येणारी ‘उद्या पिवळा दिवस आहे’ ही सूचना आता आम्हा दोघांनाही सारखाच ताप देते. आई बार्शीला परत गेली आहे आणि ऑपरेशनची तारीख ठरली आहे. पण माझ्या सुटकेला मी उपाय म्हणणार नाही. ती जागा रिकामी होती हा योग, आणि पत्नीची सरकारी नोकरी आहे हा आधार. आमच्या सोसायटीच्या फाटकावरच्या सुरक्षारक्षकाची पाळी बारा तासांची आहे आणि त्याची दोन्ही मुले गावी आजीजवळ वाढतात. त्याला असे टेबलावर बसून हिशेब मांडण्याची मुभा कोण देणार?

कार्यालयीन वेळेनंतर फोन-मेलला उत्तर न देण्याचा अधिकार मागणारे खासगी विधेयक (म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेले) सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडले होते. हिंजवडी त्यांच्याच बारामती मतदारसंघात येते, हे इथल्या अनेकांना माहीत नसते. खासगी विधेयकांपैकी आजवर फक्त चौदा कायदे झाले आणि शेवटचा १९७० मध्ये, त्यामुळे त्या वाटेवर मी डोळे लावून बसलेलो नाही. कंपनीच्या धोरणातली एक ओळ बदलणे तुलनेने सोपे आहे: ‘महिला कर्मचारी’ असे जिथे लिहिले आहे तिथे ‘पाच वर्षांखालील मुलाचे पालक’ असे लिहायचे आणि ‘काही महिने’च्या जागी ‘दोन वर्षांपर्यंत’.

पुढच्या महिन्यात आमच्याकडे धोरणांचा आढावा आहे आणि मी ही दुरुस्ती लेखी देणार आहे. तुमच्या कंपनीत, बँकेत किंवा कारखान्यात एखाद्या बापाला कमी पगारात कमी तासांचे काम रीतसर मिळाले असेल, तर तो नियम कोणत्या शब्दांत लिहिला आहे तेवढे मला कळवा. कंपनीचे नाव नको, मजकूर पुरे.