मंदी आलीये, आता कपडे शहाण्यासारखे घ्या

सगळ्यात आधी कपाट उघडा. उघडल्यावर जे अंगावर पडेल ते परत आत कोंबा आणि 'मला घालायला काहीच नाहीये' हे वाक्य पुढचं वर्षभर मनातल्या मनात म्हणा, मोठ्याने नको, कारण यंदा इन्क्रिमेंटचं लेटर आलंय आणि त्यात आकड्यांपेक्षा 'चॅलेंजिंग मार्केट कंडिशन्स' हे शब्दच जास्त आहेत, शेजारच्या डेस्कवरचा बेंचवर गेलाय, म्हणजे प्रोजेक्टविना नुसता बसलाय, आणि त्याच्या शेजारचा बेंचवरनं थेट घरी. पुण्यातल्या आयटीवाल्या हिंजवडीत हल्ली ट्रॅफिक जरा कमी लागलं तर आनंद होत नाही, पोटात धस्स होतं. असो. गेले आठ महिने मी कपड्यांच्या बाबतीत अत्यंत शहाणपणाने वागतोय, तेव्हा हे अनुभवाचे बोल तुम्हाला फुकट.

खरेदी बंद करायची नाही हं, तिचं फक्त नाव बदलायचं. मंदीत कोणी शॉपिंग करत नाही, सगळे 'कॅप्सूल वॉर्डरोब' करतात. म्हणजे मोजके 33 कपडे, कुठलाही कुठल्याहीवर चालला पाहिजे, बाकीचं सगळं काढून टाकायचं. आता त्यासाठी जे बेज, राखाडी, नेव्ही ब्लू वगैरे शांत रंग लागतात ते आपल्या कपाटात कुठले असायला, आपल्याकडे मोरपंखी कुर्ते आणि कंपनीचे लोगोवाले टीशर्ट. त्यामुळे मला साधेपणाने राहण्यासाठी 21 कपडे नवीन घ्यावे लागले. माझे वडील तीन शर्ट, दोन पँटी आणि लग्नाकार्याचा एक सफारी यावर अख्खी नोकरी काढून रिटायर झाले, पण त्याला तेव्हा कॅप्सूल म्हणत नव्हते, पगार म्हणायचे.

पुढचा मुद्दा टॅक्सचा, इथे जरा लक्ष द्या. 22 सप्टेंबर 2025 पासून अडीच हजारापर्यंतच्या कपड्याला 5 टक्के जीएसटी आणि त्याच्या वर गेलात की थेट 18. म्हणजे टॅक्स धरायच्या आधी 2400 चा असलेला शर्ट घरात येतो 2520 ला आणि 2600 चा येतो 3068 ला. दोनशे रुपयांच्या फरकासाठी 548 रुपये! हे गणित मी दुकानात उभं राहून मोबाईलवर केलं आणि सेल्समनसुद्धा इम्प्रेस झाला. मग मी 2400 वाले दोन घेतले. 5040 गेले, पण 1096 वाचले की नाही? घरी हे समजावून सांगताना आवाज थोडा मोठा ठेवावा लागतो.

किंवा मग सरळ झुडिओत, त्या स्वस्त रेडिमेड कपड्यांच्या दुकानात जा. तिथे जवळजवळ सगळं हजाराच्या आत त्यामुळे किंमत बघायची गरजच नाही, आणि किंमत बघितली नाही की बास्केट कशी भरते ते तुम्हाला माहितीच आहे. एक गैरसोय फक्त सांगतो, सोमवारी सकाळी लिफ्टमध्ये आम्ही तिघं एकाच पट्ट्यांच्या शर्टात होतो, त्यात एक आमचा मॅनेजर. कोणी काही बोललं नाही, सगळे मजल्यांचे आकडे बघत होते.

ज्यांना अगदी फुकटातच भागवायचंय त्यांनी आहेराचे पीस बाहेर काढावेत. प्रत्येक घरात एक बॅग असते, पलंगाच्या आत नाहीतर माळ्यावर, त्यात पंधरा-वीस शर्टपीस, पँटपीस, ब्लाऊजपीस. हे कोणी शिवत नाही, नोटेसारखे फिरवायचे असतात. आमच्याकडे एक निळा पीस आहे, तो माझ्या माहितीत तीनदा आमच्या घरातून गेला आणि तीनदा परत आला, शेवटच्या वेळी तर खोक्यावर आईच्याच अक्षरात 'चि. सौ. कां.' होतं. तोच शिवून टाकू म्हणून टेलरकडे गेलो तर शर्टाची शिलाई 450, पँटची 650, आणि वर 'दिवाळीनंतर मिळेल'. तेवढ्यात रेडिमेड येतो. पीस परत बॅगेत.

आतले कपडे मात्र अजिबात घ्यायचे नाहीत, यामागे मोठं अर्थशास्त्र आहे. अमेरिकेत ॲलन ग्रीनस्पॅन म्हणून एक गृहस्थ, 1987 ते 2006 फेडरल रिझर्व्हचे, म्हणजे तिकडच्या रिझर्व्ह बँकेचे अध्यक्ष, त्यांचा म्हणे असा ठोकताळा होता की पुरुषांच्या अंतर्वस्त्रांची विक्री पडली की समजावं मंदी आली, कारण ते दिसत नाही म्हणून पुरुष सगळ्यात आधी तिथेच काटकसर करतो. थोर माणूस, पण त्यांनी आमच्या घरच्या दोरीवरचं बनियन बघितलं असतं तर अमेरिका 1987 पासूनच मंदीत आहे असं जाहीर करून टाकलं असतं. आमच्यात बनियनला भोकं पडली की ते फक्त घरात घालायचं, बाही उसवली की झोपताना, मग बाईकचं फडकं आणि शेवटी सिंकखालच्या पाइपाला गुंडाळायला. तेजी असो मंदी असो, या क्रमात फरक नाही. तिकडे ब्रिटनमध्ये 1941 साली कपड्यांवर रेशन आलं, पहिल्या वर्षी माणशी 66 कुपनं, आणि ठिगळं कशी लावायची याची सरकारने पत्रकं काढली. आपल्याकडेही तेव्हा कापड कंट्रोलवरच मिळायचं, पण आजीला पत्रक कोणी दिलं नव्हतं. तिने जुन्या नऊवारीच्या गोधड्या शिवल्या, आता तशीच एक 'अपसायकल्ड हँडमेड क्विल्ट' म्हणून मी कार्टात टाकून ठेवलीये. घेणार नाहीये. नुसतं रोज रात्री बघतो.

आता जुने कपडे. हे ॲपवर 'प्री-लव्ह्ड' म्हणून विकायला टाकू नका, मी टाकले होते, दोन महिन्यांत एकाने विचारलं, 'फ्री मध्ये देणार का?' त्यापेक्षा रविवारी सकाळी बोहारीण येते तिला गाठा. आमच्या सोसायटीत वॉचमन तिला आत सोडत नाही, पण आईने गेटवर फोन करून वर बोलावलं. दारातच बसली, टोपलीतली भांडी एका बाजूला लावली आणि एकेक कपडा हातात घेऊन खिडकीच्या उजेडाकडे धरून बघायला लागली, माझं अप्रेझलसुद्धा इतक्या बारकाईने कधी झालं नाही. मी 11 कंपनीचे टीशर्ट ठेवले होते. तिने बोटाने बाजूला सारले.

"हे न्हाई चालत आजी. हल्ली घरोघरी हेच निघतंय."

"अगं, नवे आहेत, दोनदासुद्धा घातले नाहीत त्याने," आई म्हणाली.

"त्येच तर. सगळ्यांचे नवेच हायेत."

ग्रीनस्पॅनला हे कळायला आकडेवारी लागत होती. शेवटी दोन जीन्स, आईच्या तीन साड्या आणि माझा मोरपंखी कुर्ता यावर सौदा एका स्टीलच्या चाळणीपर्यंत आला. आईला झाकणाचा डबा हवा होता. बाईने मान वर करून आत बघितलं, दाराच्या मागे ड्रायक्लीनिंगच्या प्लॅस्टिकमध्ये माझा ब्लेझर लटकत होता.

"तो कोट टाका दादा, डबा घेऊन टाका."

"तो नको," मी जरा घाईनेच म्हणालो, "तो लागणारे मंगळवारी."

"मंगळवारी? कोणाचं लग्न आहे?" आईने विचारलं.

"ऑफिसातल्या एकाचं."

"मग आधी नाही का सांगायचं," म्हणत आई उठली आणि पलंगातली बॅग ओढली. "तो निळा पीस काढून ठेवते आहेराला."