भरल्या रोंदात रिव्हर्स

टँगो शिकायला निघालेल्याला हमखास मिळणारा सल्ला असा: 'आठ पावलांचा बेसिक हा पाया. तो घोटा, त्यावर गांचो-बोलेओ, म्हणजे पाय अडकवण्या-झटकण्याच्या करामती, चढवा, की टँगोच्या माहेरी, ब्यूनोस आयर्समध्येसुद्धा नाचाल.' यातलं जवळजवळ काहीच तिथल्या फरशीवर टिकत नाही.

आधी तो पाया पाहू. या बेसिकमध्ये लीडरचं, म्हणजे जोडीत नाच चालवणाऱ्याचं, पहिलंच पाऊल मागे पडतं. मिलोंगात, म्हणजे टँगोच्या नाचसंध्येत, सगळ्या जोड्या घड्याळाच्या उलट दिशेने एकामागोमाग सरकत असतात. हाच रोंदा. तिथे न बघता मागे जाणं म्हणजे भरल्या रस्त्यात रिव्हर्स घेणं. टाच मागच्याच्या नडगीवर बसते, आणि माफी मागण्यात अर्धं गाणं जातं. पाचव्या पावलावरचा क्रॉस, म्हणजे फॉलोअरने (लीडरच्या साथीदाराने) एक पाय दुसऱ्यापुढे आडवा घेणं, मात्र खरोखर कामाचा. त्याच्याशी माझं भांडण नाही.

गांचो, उंच बोलेओ? ही मुख्यतः रंगमंचाची भाषा. 'टँगो आर्हेन्तिनो' हा शो 1983 मध्ये पॅरिसला आणि 1985 मध्ये ब्रॉडवेवर गाजला. तो पाहून वर्गात आलेल्यांना पाहिलं तेच शिकायचं होतं. ब्यूनोस आयर्सच्या जागतिक स्पर्धेत मंचावरचा आणि फरशीवरचा टँगो असे दोन वेगळे गट असतात, आणि फरशीच्या गटात गांचो नि उड्या चालत नाहीत.

मग रात्रभर नाचतात काय? चालणं, जागच्या जागी वजन बदलणं, छोटे गिरो (गिरक्या) आणि ओचो कोर्तादो. या शेवटच्यात फॉलोअर लीडरच्या उजव्या अंगाला पाऊल टाकते, तिथूनच उलटते आणि क्रॉसमध्ये येते. सगळं सतरंजीएवढ्या जागेत.

'एवढ्यावर कंटाळा येईल,' हा शेवटचा आक्षेप. तो गाणं न ऐकणाऱ्याचा. दारिएन्सोच्या वाद्यवृंदाच्या ठेक्यावर तीच चाल तुरुतुरु होते, दी सार्लीवर लांब, संथ. पुग्लिएसे वाजला की चक्क थांबावं लागतं. वर्गांना हे ठाऊक नसतं असं नाही. पण तासाच्या शेवटी शिकणाऱ्याला हातात काहीतरी लागतं, आणि पावलांची आकृती मोजून देता येते. मिठीतून वजन कळवणं महिनोन्महिने जमत नाही. त्याची फी कोण भरणार?

बेसिक पाठ झालाच असेल तर पहिलं पाऊल गाळा. दुसरं बाजूला पडतं, तिथून सुरुवात करा.