आकडा तुम्हाला माहीत होता

साडेपाचची वेळ छापलेलं तिकीट हातात होतं आणि आम्ही आत शिरलो तेव्हा सात वाजून वीस मिनिटं झाली होती. मधले एक तास पन्नास मिनिटं लोखंडी कठड्याला धरून उभे होतो. मी, माझा सात वर्षांचा मुलगा आणि माझी आई, जिचे दोन्ही गुडघे चार वर्षांपासून दुखतायत. सणाची सुट्टी आहे, शहरातल्या बागेत तिकीट लावून रोषणाई केलीय, म्हटलं तिघं मिळून बघून येऊ. दोन आठवडे आधी तिकिटं काढली होती. आणि एवढं उभं राहून आत किती वेळ मिळाला? अकरा मिनिटं. घड्याळ बघून सांगतेय.

चार दिवस झाले तरी राग उतरत नाहीये. ज्याला सांगावं तो एकच म्हणतो, "अगं, सणासुदीला गर्दी असणारच." या वाक्याने माझं डोकं फिरतं. रस्त्यावर, चौकात लोक आपणहून लोटतात तेव्हा म्हणा ना गर्दी असणारच. इथे तिकीट होतं, त्यावर वेळ होती, क्यूआर कोड होता, आमची नावं होती. साडेपाचला किती लोक येणार, सहाला किती, साडेसहाला किती, हे आयोजकांना माणूस न् माणूस माहीत होतं. ही गर्दी अचानक झालेली नव्हती. ती त्यांनी विकली होती.

रांगेत दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून मी मोजत होते. प्रवेशाला फाटकं पाच, उघडी दोन. एका फाटकातून मिनिटाला सहा-सात माणसं आत जात होती, कारण दर तिसऱ्या माणसाचा कोड मशीन घेत नव्हतं. नेटवर्क बसलेलं, लोकांची तिकिटं फोनवर उघडत नव्हती, आणि कागदावर छापून आणलेलं चालेल की नाही हे फाटकावरच्या मुलालाही धड माहीत नव्हतं. म्हणजे मिनिटाला साधारण तेरा माणसं. अर्ध्या तासाला चारशेही नाहीत. आम्ही पोचलो तेव्हा आमच्यापुढे चौदाशेच्या आसपास लोक असणार. हा हिशोब मला रांगेत उभ्याउभ्या जमला. ज्यांचा हा धंदा आहे त्यांना तो महिनाभर आधी कागदावर करता आला नाही? उरलेली तीन फाटकं शोभेला लावली होती का?

आता मुलाचं सांगते. पाऊण तास झाला आणि त्याने माझा हात ओढला. आधी हळू आवाजात, मग रडवेल्या आवाजात, "आई, शूला जायचंय." मी सुरक्षारक्षकाला विचारलं. स्वच्छतागृह आत आहे म्हणाला. आत, म्हणजे जिथे आम्हाला अजून तासभर पोचायचं नव्हतं तिथे. बाहेर? बाहेर नाही. बरं, जवळपास कुठे जाऊन येते, आई इथे रांगेत थांबेल, परत आम्हाला घ्याल का? "बाहेर गेलात तर पुन्हा शेवटून यावं लागेल, मॅडम." त्याला तसंच सांगायला सांगितलं होतं. सात वर्षांचं पोर पाय आवळून उभं, तोंड लाल झालेलं, आणि आजूबाजूला शेकडो माणसं. शेवटी मागच्या एका ताईंनी स्वतःजवळची रिकामी बाटली दिली, आईने पदर आडवा धरला. तो एवढा ओशाळला होता की पुढे अर्धा तास कोणाकडे मान वर करून बघेना. सणाच्या दिवशी मुलाला ही आठवण द्यायला मी त्याला घेऊन गेले होते का?

आणि हे एकट्या आमच्या नशिबी आलंय असं नाही. न्यू यॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरला ३१ डिसेंबरच्या रात्री लाखो लोक दुपारपासून कठड्यांच्या आत उभे असतात. तिथे लोकांसाठी स्वच्छतागृहांची सोय नसते, आणि एकदा बाहेर पडलात की तुमची जागा गेली, हे तिथे आधीच सांगून ठेवलेलं असतं. १९०७ पासून तिथे नववर्षाच्या स्वागताला दिव्यांचा मोठा गोळा इमारतीवरच्या खांबावरून खाली उतरतोय. शंभर वर्षांहून जास्त काळ लोक येणार हे ठाऊक आहे आणि तरी माणसाच्या सगळ्यात साध्या गरजेची सोय नाही. उत्सव म्हटला की शरीर घरी ठेवून यायचं, असा जगभरच्या आयोजकांचा समज झालेला दिसतो. म्हातारी माणसं, गरोदर बाया, मधुमेह असलेले, पाळी चालू असलेल्या मुली, यांनी काय करायचं? त्याच न्यू यॉर्क शहराने २००५ मध्ये कायदा केला की नव्याने बांधल्या जाणाऱ्या नाट्यगृहांत, स्टेडियममध्ये वगैरे बायकांसाठी पुरुषांच्या दुप्पट सोय हवी. म्हणजे बायकांच्या रांगा का लांबतात हे कायदा करणाऱ्यांनाही कळलेलं आहे. पण उत्सवाचा तात्पुरता मांडव उभा राहिला की हे सगळं शहाणपण गुंडाळून ठेवतात. आम्ही अखेर आत गेलो तेव्हा बायकांच्या स्वच्छतागृहापुढे आणखी एक रांग होती. पुरुषांच्या बाजूला चार माणसं.

आईचं तर विचारूच नका. तासाभराने तिचे पाय थरथरायला लागले. कठड्याच्या पलीकडे दिव्याच्या खांबाला हातभर उंचीचा चौथरा होता, ती जाऊन त्यावर टेकली. दोन मिनिटांत शिट्टी. "आजी, इथे बसायचं नाही, वाट मोकळी ठेवायचीय." मग कुठे बसायचं? एक बाक नाही, एक स्टूल नाही. आई काही न बोलता उठली. तिने माझा दंड धरला आणि तो शेवटपर्यंत सोडला नाही. दुसऱ्या दिवशी दंडावर तिच्या बोटांच्या खुणा होत्या. तिने तक्रार केली नाही, उलट मलाच म्हणाली, "जाऊ दे, मी यायलाच नको होतं." ते ऐकून माझ्या पोटात तुटलं. एका म्हाताऱ्या बाईला सणाच्या दिवशी आपण अडचण आहोत असं वाटायला लावलंत तुम्ही.

शिट्टी वाजवणाऱ्या पोरावर माझा राग नाही. तोही सकाळपासून उभाच होता. त्यालाही खुर्ची नव्हती, आणि दर दोन मिनिटांनी कोणीतरी त्याच्यावर ओरडत होतं. ज्यांनी हे ठरवलं त्यातला एकही माणूस तिथे हजर नव्हता. शिव्या खायला वीस-बावीस वर्षांची पोरं पुढे केलेली.

आणि मग ती दुसरी रांग. आमच्या शेजारून, मध्ये फक्त एक दोरी. जास्त पैसे भरलेल्यांची. आमच्या दोनमधलं एक फाटक अधूनमधून थांबवून त्यांचे लोक आत सोडायचे. माझ्या मुलाच्या वयाची मुलं त्याच्यासमोरून हसत आत जात होती. त्याने विचारलं, "त्यांचं तिकीट आपल्यानंतरच्या वेळेचं आहे का? मग ते आधी कसे?" काय सांगू मी त्याला? घरात, शाळेत, खेळाच्या मैदानावर आपण मुलांना काय शिकवतो? रांगेत उभं राहा, मध्ये घुसू नको, नंबर आला की जा. आणि तिथे त्याच्या डोळ्यांसमोर दोन तास उलटाच धडा चालू होता.

अमेरिकेतल्या डिस्नेच्या बागांमध्ये १९९९ पासून वेळ राखून ठेवायची सोय होती, कोणालाही फुकट मिळायची. २०२१ मध्ये ती जाऊन तिच्या जागी पैसे भरून घ्यायची सोय आली. असं आता बऱ्याच ठिकाणी दिसतं. म्हणतात, ज्याला परवडतं तो घेईल, तुमचं काय जातं? आमचं जातं! फाटक तेच, मिनिटाला जाणारी माणसंही तेवढीच. त्यांना पुढे काढलं की तेवढी मिनिटं आमच्या वाट्यातून जातात. म्हणजे आम्ही आधीच विकत घेतलेला वेळ आमच्याकडून काढून दुसऱ्याला परत विकला. आणि एक गोष्ट स्पष्ट बोलते. साधी रांग सुरळीत चालली तर जास्तीचे पैसे भरून पुढे कोण जाईल? तीन फाटकं बंद का होती, याचं उत्तर मला इथेच दिसतं.

वाट बघण्याबद्दल सेवाक्षेत्राचे अभ्यासक डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्येच लिहून ठेवलंय. किती वेळ लागणार हे माहीत नसेल तर वाट बघणं जास्त लांबतं, कारण सांगितलं नाही तर आणखी लांबतं, अन्याय होतोय असं वाटलं तरीही लांबतं. चाळीस वर्षं झाली. एक फलक लावायचा, "इथून पुढे दीड तास". एवढंच. मी तो फलक वाचून मुलाला घेऊन परत फिरले असते. पण मग तिकिटाच्या पैशांचं विचारलं असतं ना, म्हणून फलक नाही.

सात वाजायच्या सुमाराला फाटकाजवळ जे झालं ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. मागून कोणीतरी ओरडलं, प्रवेश बंद करतायत म्हणून. खरं नव्हतं. पण लोक पुढे सरकले आणि आम्ही कठड्यावर दाबले गेलो. आईच्या बरगड्यांना लोखंडी नळी लागत होती. मुलाचं डोकं माझ्या पोटापाशी, त्याला श्वास घेता येईना म्हणून मी त्याला वर उचलला, आणि उचलल्यावर लक्षात आलं की आता मला हात खाली घेता येत नाहीयेत. जागाच नव्हती. मिनिटभर असेल, जास्त नाही. मग मागचे सैल झाले.

त्या मिनिटात माझ्या डोक्यात दक्षिण कोरियातलं सोल शहर होतं. २९ ऑक्टोबर २०२२, इतेवॉनची ती चिंचोळी उतरती गल्ली, हॅलोविनची रात्र, १५९ जीव गेले. संध्याकाळी ६ वाजून ३४ मिनिटांनी पोलिसांना पहिला फोन गेला होता, इथे लोक चिरडतील म्हणून. जवळजवळ चार तास लोक फोन करून सांगत होते. २०१० मध्ये जर्मनीतल्या डुइसबुर्गला संगीताच्या उत्सवात २१ जण गेले, तिथे बोगद्याच्या एकाच वाटेने आत जायचं आणि त्याच वाटेने बाहेर पडायचं होतं. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहा माणसं झाली की धोका सुरू होतो. तेवढ्याच जागेत सातेक माणसं झाली की गर्दी पाण्यासारखी हलायला लागते, मग एकट्या माणसाच्या ताकदीला किंमत राहत नाही. हे कोणापासून लपलेलं नाही, गर्दीचं काम करणाऱ्यांना शिकवलं जातं. तरी आमच्या फाटकापाशी गर्दीवर नजर ठेवायला उंचावर एकही माणूस नव्हता. काही झालं असतं तर दुसऱ्या दिवशी म्हणाले असते, "अनपेक्षित गर्दी". अनपेक्षित? प्रत्येकाचं तिकीट तुमच्या यादीत होतं!

आतल्या अकरा मिनिटांचं फार सांगण्यासारखं नाही. दिवे सुंदर होते, खरंच सुंदर होते, म्हणून तर जास्त चिडचिड होते. कोणीतरी कलाकाराने महिनोन्‌महिने खपून केलेलं काम. आणि आम्हाला "चला, चला, थांबू नका" करत हाकललं. प्रत्येक कमानीवर प्रायोजकाचं नाव दिव्यांपेक्षा मोठं, आणि दोन वळणं गेलो की बाहेर पडायची वाट दुकानातूनच. तिथे मात्र कोणी "चला, चला" म्हणत नव्हतं.

शहरातला उत्सव असा नव्हता हो. १९३१ साली, मंदीत, न्यू यॉर्कला रॉकफेलर सेंटर बांधणाऱ्या मजुरांनी आपापसात पैसे काढून कामाच्या जागेवर नाताळचं एक झाड उभं केलं होतं, सजावट घरून करून आणली होती. लंडनच्या ट्रफाल्गर चौकात १९४७ पासून दरवर्षी नॉर्वेहून नाताळचं झाड येतं, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने केलेल्या मदतीची आठवण म्हणून. ते बघायला आजही तिकीट लागत नाही. येता-जाता माणूस थांबतो, बघतो, मुलाला खांद्यावर घेतो, पुढे जातो. आम्ही जिथे गेलो ती जागासुद्धा वर्षभर सगळ्यांची मोकळी बाग असते. माझा मुलगा तिथे सायकल शिकला. सणाच्या महिन्यात तिच्याभोवती पत्रे ठोकले, आतलं दिसू नये म्हणून कापड लावलं, आणि आमचीच बाग आम्हाला अर्ध्या तासाच्या हिशोबाने विकली. परवानगी देणाऱ्यांनी ही अट का घातली नाही, की इतक्या माणसांमागे इतकी स्वच्छतागृहं, इतकी बाकं, आणि रांगेतून बाहेर पडून परत येता आलं पाहिजे? लग्नाचा हॉल घेतला तरी या गोष्टी विचारतात.

दुसऱ्या दिवशी फोनवर संदेश आला, अनुभव कसा वाटला, तारे द्या. मी तीन मेल पाठवले. तिन्हींना एकच उत्तर आलं, शब्दन्‌शब्द तेच: आपला अभिप्राय मोलाचा आहे, तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. पैसे मी मागितलेच नव्हते. चौथा मेल आज सकाळी पाठवलाय, त्यात एकच ओळ आहे. त्या संध्याकाळी साडेपाचच्या वेळेची तिकिटं तुम्ही किती विकलीत?