लिटरमागे एक वॅट? रीफ टँकच्या लाइटचा हिशेब असा होत नाही

रीफ टँक, म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक, लावायचं ठरवलं की एक सल्ला हमखास कानावर येतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण मजकूर असा: ‘रीफचा खास लाइट म्हणजे पैशांची उधळपट्टी. लिटरमागे एक वॅट धरून 6500 केल्विनचा पांढरा एलईडी फ्लडलाइट घ्या. निळा उजेड नुसता शोभेचा. मोबाइलच्या लक्स अ‍ॅपने तपासा आणि बारा तास चालू ठेवा. उजेड जितका जास्त तितकी कोरलची वाढ जास्त. एलईडी आहे, एकदा लावला की पुन्हा बघायला नको.’ यात अर्धं सत्य मिसळलेलं आहे, म्हणून तो पटकन पटतो.

‘लिटरमागे एक वॅट’

वॅट म्हणजे लाइटने ओढलेली वीज. कोरलच्या पेशींत राहणाऱ्या झूझँथेली शैवालाच्या वाट्याला उजेड किती आला, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी पीएआर मोजतात: 400 ते 700 नॅनोमीटरमधले किती मायक्रोमोल फोटॉन एका चौरस मीटरवर दर सेकंदाला पडतात. तोही पाण्याच्या पृष्ठभागावर नव्हे, कोरल जिथे बसवायचं आहे तिथे.

120×60×30 सेंटिमीटरचा उथळ फ्रॅग टँक (कोरलचे छोटे तुकडे वाढवायचा) घ्या आणि 60×60×60 चा क्यूब घ्या. दोन्हींत 216 लिटर पाणी मावतं, म्हणजे या नियमाने दोन्हींना 216 वॅट. पण पहिल्याचं क्षेत्रफळ 0.72 चौरस मीटर आणि दुसऱ्याचं 0.36. चांगला एलईडी दर वॅटला सेकंदाला साधारण 2 मायक्रोमोल फोटॉन देतो, म्हणजे एकूण 432. काहीच वाया गेलं नाही तर उथळ टँकमध्ये सरासरी पीएआर 600 येईल, क्यूबमध्ये 1200. निम्मा उजेड बाहेर सांडला असं धरलं तरी 300 आणि 600. सॉफ्ट कोरलना 50 ते 150 पुरतो, हॅमर-टॉर्चसारख्या एलपीएसना (मोठ्या पॉलिपचे कठीण कोरल; पॉलिप म्हणजे कोरलमधला एकेक छोटा जीव) 75 ते 150, अ‍ॅक्रोपोरासारख्या एसपीएसना (छोट्या पॉलिपचे कठीण कोरल) 200 ते 350. म्हणजे एकाच नियमाने उथळ टँकमध्ये एसपीएस सुखाने राहतील आणि क्यूबमध्ये वरच्या दगडावरचा हॅमर करपेल.

हा ठोकताळा फ्लोरोसेंट ट्यूबच्या काळातला. ट्यूब सगळ्यांच्या सारख्याच आणि टँकही साधारण त्याच मापाचे, म्हणून तो तेव्हा चालून जायचा. शिवाय एलईडीच्या खोक्यावरचा वॅटचा आकडा पुष्कळदा डायोडच्या कमाल क्षमतेचा असतो. प्लगला वॅटमीटर लावला की खरा आकडा कळतो, आणि तो बहुधा कमीच निघतो.

सरासरीही फसवी असते. 60 अंशांच्या लेन्सचा एकच लाइट मधोमध टांगला तर मध्यभागी 400 आणि कोपऱ्यात 60 असं सहज होतं. लाइट 10 सेंटिमीटर वर घेतला की मधला आकडा उतरतो आणि कडांना उजेड पोचतो. 90 ते 120 अंशांच्या लेन्स, किंवा एका मोठ्या लाइटऐवजी दोन छोटे, हा उपाय जास्त चांगला. दोन बाजूंनी उजेड आला की फांदीदार कोरलची खालची बाजू सावलीत मरत नाही.

‘6500 केल्विन पुरे, निळा शोभेचा’

पहिला भाग अर्धा खरा आहे. पांढऱ्या उजेडात सॉफ्ट कोरल जगतात, वाढतातही. पण केल्विन म्हणजे उजेड डोळ्यांना किती पिवळा किंवा निळा दिसतो त्याचं माप. त्यात कोणत्या तरंगलांबी किती आहेत, हे केल्विन सांगत नाही. पांढरा एलईडी मुळात 450 नॅनोमीटरचा निळा डायोडच असतो, वर फॉस्फरचा थर. त्यामुळे त्याच्या आलेखात 450 ला एक शिखर, 480 च्या आसपास खड्डा, मग 550 ते 600 दरम्यान मोठा उंचवटा आणि 430 च्या खाली जवळपास काहीच नाही, असं चित्र दिसतं. झूझँथेलीतलं क्लोरोफिल ए 430 च्या आसपास जोरात शोषतं, क्लोरोफिल सी आणि पेरिडिनिन 450 ते 530 च्या पट्ट्यात. म्हणजे फ्लडलाइटची बरीचशी वीज शैवाल जिथे सर्वांत कमी शोषतं त्याच भागात खर्च होते. कोरलमधली हिरवी-नारिंगी चमकणारी प्रथिनंही निळ्या उजेडानेच उजळतात. ती शोभा, हे मान्य. पण निळा काढला तर फक्त शोभाच जाते असं नाही.

यावर उपाय म्हणून लाल चॅनेल (लाइटमधला वेगळा कमी-जास्त करता येणारा रंग) वाढवण्याचा सल्लाही मिळतो. तो जपून घ्यावा. स्टायलोफोरा पिस्टिलाटा या कोरलवर 2014 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 256 पीएआरच्या निव्वळ लाल उजेडात कोरल जगण्याचं प्रमाण कमी राहिलं, निळ्यात सर्वांत चांगलं. रॉयल ब्लू, ब्लू आणि व्हायोलेट हे मुख्य चॅनेल, पांढरा डोळ्यांना बरं वाटेल इतका, लाल-हिरवा 5 ते 10 टक्के. सुरुवातीला एवढं पुरेसं आहे.

‘लक्स अ‍ॅपने तपासा’

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. लक्स माणसाच्या डोळ्याच्या संवेदनेवर बेतलेलं आहे. डोळा 555 नॅनोमीटरच्या हिरव्याला सर्वाधिक दाद देतो, निळ्याला फार थोडी. सूर्यप्रकाशात 1 पीएआर म्हणजे साधारण 54 लक्स, निव्वळ 450 नॅनोमीटरच्या निळ्यात फक्त 7 च्या आसपास. निळ्या लाइटखाली अ‍ॅप 1,400 लक्स दाखवतं, ते 54 ने भागून 26 पीएआर येतो, मग माणूस लाइट आणखी चढवतो. प्रत्यक्षात तिथे 200 असतो! दोन दिवसांत कोरल पांढरं.

पाण्यात बुडणारा, पूर्ण वर्णपटाचा पीएआर मीटर लागतो. जुन्या सेन्सरचे मीटर निळा उजेड कमी मोजतात. विकत घ्यायलाच हवा असं नाही, एका दिवसासाठी भाड्याने किंवा उसना आणला तरी काम भागतं. पंप बंद करा, नाहीतर लाटांमुळे आकडा नाचत राहतो. लाइट रोजच्या कमाल पातळीवर ठेवा. 60×60 च्या टँकमध्ये नऊ जागा, प्रत्येकी वाळूवर, मधल्या उंचीवर आणि वरच्या दगडाजवळ, असे 27 आकडे कागदावर मांडा. कोरल कुठे बसवायचं, ते हा कागद ठरवेल. मीटर हाती असतानाच लाइट 50, 75 आणि 100 टक्क्यांवर ठेवून दोन-तीन जागा पुन्हा मोजून ठेवा, पुढे मीटरशिवायही अंदाज बांधता येतो.

‘जास्त उजेड, जास्त वाढ, तेही बारा तास’

एका मर्यादेपर्यंत खरं. त्यापुढे प्रकाशसंश्लेषण वाढत नाही. वापरता न आलेल्या ऊर्जेतून ऑक्सिजनचे घातक रेणू तयार होतात आणि कोरल स्वतःचंच शैवाल बाहेर टाकतं. ब्लीचिंग ते हेच.

जास्त उजेडाची खूण अशी: वरची बाजू आधी फिकटते, खालची शाबूत राहते, पॉलिप दिवसा मिटून असतात. कमी उजेडात कोरल तपकिरी पडतं आणि बटणासारख्या झोअँथिड कोरलचे देठ लांबतात. वरपासून खालपर्यंत सारखंच फिकट असेल तर लाइटला दोष देण्याआधी नायट्रेट आणि फॉस्फेट तपासा. दोन्ही शून्यावर असतील तर तीव्र उजेड अधिकच मारक ठरतो. वाढ चांगली होऊ लागली की अल्कलिनिटीही (कोरल सांगाड्यासाठी वापरतं त्या कार्बोनेटचं पाण्यातलं माप) भराभर उतरते. लाइट वाढवलेल्या आठवड्यात ती रोज एकाच वेळी मोजावी.

तास आणि तीव्रता वेगळे धरता येत नाहीत. 200 पीएआर 8 तास म्हणजे दिवसाला 5.76 मोल फोटॉन, तोच 12 तास ठेवला तर 8.64. विषुववृत्ताजवळ दिवस बारा तासांचा असतो हे खरं, पण सूर्य सकाळपासून डोक्यावर नसतो. दोन तास चढता, पाच ते सहा तास पूर्ण, दोन तास उतरता, एवढं वेळापत्रक पुरतं. नवा लाइट असेल तर ठरलेल्या पातळीच्या 50 टक्क्यांपासून सुरुवात करा आणि आठवड्याला 5 ते 10 टक्के चढवा. फ्लडलाइटला सहसा डिमर नसतो, तिथे हे करायचं कसं?

‘एकदा लावला की बघायला नको’

50,000 तास हा आकडा साधारणपणे लाइट बंद पडण्याचा नसतो, उजेड 70 टक्क्यांवर उतरण्याचा असतो. त्याच्या कितीतरी आधी लेन्सवर मिठाचा थर बसतो आणि पंख्यात धूळ अडकते. आठवड्याला लाइट बंद करून, गार झाल्यावर, आरओच्या (गाळून क्षार काढलेल्या) पाण्यात ओलावलेल्या मऊ फडक्याने लेन्स पुसा. महिनोन्‌महिने न पुसलेली लेन्स एकदम स्वच्छ केली तर लाइट त्या दिवशी 15-20 टक्के उतरवूनच चालू करा, नाहीतर उजेड अचानक वाढल्याचा धक्का कोरलला बसतो. एलईडीऐवजी टी5 (बारीक फ्लोरोसेंट) ट्यूब असतील तर त्या 9 ते 12 महिन्यांत बदलाव्यात, तेही सगळ्या एकाच दिवशी नाही.