घोट, गुळणी आणि गूजबेरी

काकांची पिंपळगाव बसवंतला द्राक्षबाग आहे. त्यामुळे द्राक्षातलं आपल्याला कळतं, असा माझा लहानपणापासूनचा समज होता. नाशिकच्या एका वायनरीत, शनिवारी दुपारी, तो पाऊण तासात उतरला. नवशिक्यांच्या वाईन टेस्टिंगच्या वर्गात बायकोने आमची दोघांची नावं घातली होती.

टेबलावर प्रत्येकापुढे चार ग्लास आणि मधोमध स्टीलचं एक उभट भांडं. मला वाटलं बर्फाचं असेल. शिकवणारा मुलगा अदबीने म्हणाला, "सर, ते थुंकायला." आमच्या आजोबांची पिकदाणी माळ्यावर टाकायला आजीला तीस वर्षं भांडावं लागलं होतं. आणि इथे नातू पैसे भरून थुंकायला आलेला.

ग्लास दांडीला धरायचा, नाहीतर हाताच्या उबेने वाईन तापते. पांढरी आठ-दहा अंशांवर प्यायची म्हणे. मग ग्लास गोल फिरवायचा, म्हणजे वास मोकळा होतो. माझा वास शर्टाच्या बाहीवर मोकळा झाला. पांढरी होती म्हणून निभावलं.

पहिली पांढरी, सोव्हिन्यों ब्लां. "काय वास येतोय?"

"द्राक्षाचा," मी आत्मविश्वासाने म्हणालो.

सगळे हसले. द्राक्षाच्या दारूला कुठलाही वास येऊ शकतो, फक्त द्राक्षाचा येत नाही, हे मला तेव्हा कळलं. बरोबर उत्तर होतं गूजबेरी. "म्हणजे आवळा ना?" मी सावरायला गेलो. तर तो नाही, ही युरोपातली वेगळी. ती कोणी खाल्लीय का, असं एका काकूंनी विचारल्यावर वर्गात शांतता पसरली. शिकवणाराही पाणी प्यायला लागला.

"ढोबळी मिरची," बायको म्हणाली. "चिरताना येतो तो वास."

मुलगा उडालाच. दोन्हींत पायराझिन नावाची एकाच घराण्यातली रसायनं असतात म्हणे. बायकोने माझ्याकडे पाहिलंही नाही. पाहायची गरज नव्हती.

मग लाल शिराझ. आता टॅनिन. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून उतरतं, लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, मग जीभ कोरडी, जरा खरखरीत, हिरड्या ओढल्यासारख्या... बिचारा हातवारे करत शब्द शोधत होता.

"तुरट म्हणा की!" मघाच्या काकू.

दहा मिनिटांचं व्याख्यान तीन अक्षरांत संपलं. सुपारी आणि कच्चं केळं खाणाऱ्या लोकांना टॅनिन काय शिकवता?

"आणि सर्दीच्या काढ्याचा वास येतोय," बायकोने पुढचा चेंडू टोलवला. तोही बरोबर! काळ्या मिरीला वास देणारं रोटंडोन नावाचं रसायन शिराझच्या सालीतही असतं.

माझ्या शेजारचे गृहस्थ मात्र काहीच थुंकत नव्हते. "पैसे भरलेत," एवढंच त्यांचं म्हणणं. चौथ्या ग्लासापर्यंत त्यांना चॉकलेट, चामडं, पहिल्या पावसाची माती असं सगळं येऊ लागलं होतं. मी नियमाने थुंकत होतो. तीही कला आहे. ओठांचा चंबू करून सरळ धार सोडायची. माझी हनुवटीवरून गेली. या वेळी लाल होती.

रात्री वाचलं की 2001 साली फ्रान्समधल्या बोर्दोच्या संशोधकांनी पांढऱ्या वाईनमध्ये लाल रंग मिसळून 54 विद्यार्थ्यांना दिली, तर त्यांनी तिचं वर्णन लाल वाईनच्या शब्दांत केलं. इतकं बरं वाटलं, की मी ते बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. "त्यांनी निदान द्राक्ष तरी म्हटलं नाही," ती म्हणाली.

सकाळी काकांचा फोन. त्यांच्या लेखी वाईनची द्राक्षं म्हणजे बारीक, जाड सालीची, बियांनी भरलेली, पाहुण्यांपुढे ठेवायची लाज वाटावी अशी.

"मग, काय शिकलास?"

"थुंकायला."

काका जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "बियाच ना?"