पत्ता शेपटीला

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, चार दिवसांवर आली आणि आमच्या मिक्सरने जीव सोडला. गोव्यात रोज दोन नारळांचं वाटप, म्हणजे वाटण, करणाऱ्या घरावर ही काय आपत्ती असते, ते बाहेरच्याला कळायचं नाही. बायकोने आधी अडगळीतल्या रगड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी त्याच क्षणी मोबाइलवर नवा मिक्सर मागवला.

पत्ता मी सविस्तर लिहिला. नाव, घर क्रमांक 147 (शेजारच्या घराचा 23, कारण विचारू नका), वाडा, म्हार्दोळ, तालुका फोंडा, आणि शेवटी खरी खूण : तळीच्या मागे, फणसाकडून आत. तिसऱ्या दिवशी फोन आला.

"अंकल, लेबल 'तळीच्या मा' इथेच कापलं गेलंय. तुमी खंय रावतात?"

"तळीच्या मागे."

"तळीकडेच उभा आहे मी."

"देऊळ कुठलं?"

"मंगेशी."

आमच्या फोंड्यात देवळामागे एक तळी धरलेलीच. मी त्याला म्हालसेच्या देवळाकडे यायला सांगितलं. तासाभराने तो म्हणाला की नागेशीला पोहोचलोय. हा मुलगा बहुधा पुण्य गाठीला बांधत निघाला होता. संध्याकाळी मेसेज आला : ग्राहक पत्त्यावर सापडला नाही. मी दिवसभर व्हरांड्यात बसून होतो, तो काय चतुर्थीची माटोळी, गणपतीवर टांगतात ती फळांची चौकट, म्हणून?

हा वैताग बारावीच्या जीवशास्त्रात बुडालेल्या मुलीसमोर काढला, ती चूक झाली.

"पप्पा, तुमचा पत्ता शेपटीला आहे. पेशी असं सहसा करत नाही."

मग तिने वहीच्या मागच्या पानावर चित्र काढलं. रायबोसोम, म्हणजे पेशीतला विणकर, अमिनो आम्लं जोडून प्रथिनाची साखळी विणत असतो. ज्या प्रथिनाला पटलात, म्हणजे पेशीतल्या पडद्यात, बसायचंय किंवा पेशीबाहेर जायचंय, त्याच्या सुरुवातीलाच बऱ्याचदा पंधरा-वीस-तीस अमिनो आम्लांचा, पाण्याचा तिटकारा असलेला तुकडा असतो. तोच पत्ता. तो जरा बाहेर डोकावला की सिग्नल रेकग्निशन पार्टिकल, म्हणजे खूण ओळखणारा कण, त्याला धरतो. सहा प्रथिनं आणि एक आरएनए अशी ही टोळी. ती रायबोसोमचं विणकाम मंदावते, त्याला अर्ध्या विणलेल्या मालासकट आंतर्द्रव्य जालिकेच्या, म्हणजे पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्याच्या, पटलाशी नेते, तिथे तिला ओळखणाऱ्या ग्राही प्रथिनाला भेटते, जीटीपी नावाचं इंधन खर्चते आणि माल सेक61 नावाच्या दारात सोडून पुढच्या गिऱ्हाइकाकडे निघते. दारही खास : माल आरपार जाऊ शकतो, नाहीतर दार कुशीला उघडून सरळ पटलात सरकतो. बाहेर जाणाऱ्या मालाचं लेबल आत पोचल्यावर कापून टाकतात.

"म्हणजे माल तयार व्हायच्या आधीच डिलिव्हरी?"

"हो. गुंटर ब्लोबेलना 1999 चं नोबेल मिळालं ते यासाठीच. प्रथिनांच्या अंगावरच पत्ता असतो म्हणून."

नोबेलचा पैसा त्यांनी ड्रेस्डेनच्या चर्चच्या आणि सिनेगॉगच्या उभारणीला दिला, हे मला ठाऊक होतं. म्हटलं, आपल्यालाही काही येतं. तिने ते ऐकूनही घेतलं नाही.

"पण काही प्रथिनं तुमच्यासारखी असतात. पटलात रुतायचा खिळा अगदी शेपटीला. तो रायबोसोमच्या बोगद्यातून बाहेर पडेपर्यंत विणकाम संपलेलं. मग वाटेत थांबवणार कोण? शिवाय ती शेपटी तेलकट. पाण्यात सोडली की खोबरेलासारखी एकमेकांना चिकटून गोळा. त्यासाठी वेगळा हमाल असतो : यीस्टमध्ये गेट3, आपल्यात टीआरसी40. तो शेपटी झाकून पटलापर्यंत नेतो."

"आणि पत्ता चुकला तर?"

तिने उत्साहाने सांगितलं की एका दुर्मिळ आनुवंशिक विकारात यकृतातलं एक एन्झाइम पेशीतल्या पेरॉक्सिसोम नावाच्या खोलीऐवजी मायटोकॉन्ड्रिया नावाच्या दुसऱ्याच खोलीत जाऊन बसतं. एन्झाइम धडधाकट, पण चुकीच्या घरात. ऑक्झलेट साठतं आणि मुतखडे होतात. माझा हात आपोआप कमरेकडे गेला.

"तुमचा कमी पाणी पिण्याने आहे," स्वयंपाकघरातून आवाज आला. त्यामागोमाग रगड्याची घरघर.

दुसऱ्या दिवशी सकाळी पों पों झालं. पोदेर, आमचा पाववाला, आला होता. सायकलच्या कॅरियरवर पावांची टोपली, तिच्यावर दोरीने बांधलेला खोका.

"हें तुमचेंच मरे? खालच्या वाड्यावर कोणाच्या तरी सोप्यावर पडलं होतं."

या माणसाने आयुष्यात आमचा घर क्रमांक विचारलेला नाही. त्याला फक्त माहीत, फणसाकडच्या घरात चार पोई आणि दोन उंडे असे पाव, आणि ताईंना ते भाजून कडक झालेले लागतात. मिक्सरची पेटी त्याने पावांसारखीच, वरून फडकं घालून आणली होती.

मिक्सर चालू झाला, वाटप झालं. मुलीने माझा मोबाइल घेतला आणि पत्ता बदलला. आता पहिल्याच ओळीत लिहिलंय : पोदेराला विचारा. घर क्रमांक शेवटी टाकलाय, कापला गेला तरी हरकत नाही.